कोणती माशी होती?

“कोणती माशी होती?” डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“माशीच होती,” ती म्हणाली. “म्हणजे, असणार. मी पाहिली नाही.”

डॉक्टरबाईंनी हातातला कागद तिच्याकडे वळवून टेबलावर ठेवला. रक्ताच्या तपासणीत दोन ओळींसमोर खूण होती. एक मधमाशीच्या विषाची, दुसरी गांधीलमाशीच्या.

“रक्त दोघींकडेही बोट दाखवतंय. बऱ्याचदा होतं असं. दोघींच्या विषात थोडं साम्य असतं, त्यामुळे रक्ताचा गोंधळ उडतो. पण खरी गुन्हेगार बहुतेक वेळा एकच. मला तिच्याच विषाची इंजेक्शनं सुरू करायचीत. आधी कणभर, मग थोडं थोडं वाढवत, शरीराला सवय होईपर्यंत. तीन वर्षं तरी. भलतीचीच दिली तर तीन वर्षं पाण्यात, आणि खरी चावली की पुन्हा तेच.”

पुन्हा तेच म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पाच आठवड्यांपूर्वी तिला याच इमारतीत आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, असं नवऱ्याने नंतर सांगितलं होतं.

“दाखल केलं त्या दिवशीच्या कागदावर गांधीलमाशी लिहिलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्हाला घेऊन आलेल्या गृहस्थांनी तसं सांगितलं. शेजारचं प्रश्नचिन्ह माझं.”

“का?”

“सांगताना ते भिंतीकडे बघत होते. आणि मी परत येईपर्यंत निघून गेले होते. नांगी सापडली असती तर प्रश्नच मिटला असता. मधमाशी नांगी अंगात सोडून जाते आणि मरते. गांधीलमाशी सोडत नाही, पुन्हा वापरायला घेऊन जाते. तुमच्या मानेत काहीच नव्हतं. म्हणजे गांधीलमाशीच असावी. पण ‘असावी’वर मी तीन वर्षं कशी लावू?”

निघताना त्यांनी तिच्याकडची इंजेक्शनाची नळी मागून घेतली, तारीख बघितली आणि परत दिली. जाडजूड पेनासारखी ती नळी आता कायम जवळ बाळगायची होती. चावली की कपड्यांवरूनच मांडीत टोचायची आणि दवाखाना गाठायचा.

ती अकरा वर्षं विजेचे मीटर वाचत होती. रोज ऐंशी-नव्वद घरं, घराच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी पेटी, पेटीत मीटर, मीटरवरचे आकडे वहीत. पेटीचं दार उघडलं की आत काय असेल सांगता येत नाही. पाली असतात, मुंग्यांच्या ओळी असतात, एकदा तर कुणीतरी घराची किल्ली ठेवून विसरलं होतं. आणि गांधीलमाश्या असतात. म्हणून उघडण्यापूर्वी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पेटीवर दोनदा वाजवायचं, हा तिचा नेम होता. आत पोळं असेल तर एखादी चौकशीला बाहेर येते. मग शेजारची दोन घरं उरकून परत यायचं. या सवयीवरून ऑफिसात तिचं नावच टकटक पडलं होतं. साहेबसुद्धा फोनवर “टकटकला पाठवा” म्हणत. अकरा वर्षांत पाच-सहा वेळा चावल्या होत्या. लिंबाएवढी सूज, दोन दिवस ठणका, संपलं.

त्या दिवशी गल्लीच्या टोकाचं घर होतं. बाजूची भिंत लाकडी फळ्यांची, तिच्यावर पेटी. तिने दोनदा वाजवलं, काही आलं नाही, कडीला हात घातला आणि मानेत टाचणी टोचल्यासारखं झालं. केसांतली पिन असेल म्हणून तिने हात मागे नेला. मग तळहात खाजायला लागले, कान पेटले, जीभ तोंडात मावेना. पायरीवर बसावं असं वाटलं, पण पायरी वर येतेय की आपण खाली जातोय ते कळेना. त्यापुढचं तिला आठवत नव्हतं.

घरी आल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. हाताशी हत्यारं असलेल्या माणसाला काळजी वाटली की तो ठोकाठोकी करतो. त्याने एका रविवारात सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी बसवली. सुट्टी संपल्यावर साहेबांनी तिला तक्रार-खिडकीत बसवलं. खुर्ची, पंखा, समोर काच. “आता उन्हातान्हात फिरायचं नाही, मजा आहे,” साहेब म्हणाले. तिसऱ्या दिवशी खुर्ची तिला टोचायला लागली. काचेवर काही आपटलं की ती दचकून उठायची. बहुतेक वेळा साधी घरमाशीच असायची. घरी आली की या खिडकीतून त्या खिडकीत. अंथरुणाला पाठ टेकली की मानेवर काहीतरी चालतंय असं वाटायचं.

“अगं, बस जरा एका जागी,” सासू म्हणाली. “पायाला भिंगरी लागल्यासारखं काय चाललंय? तुझ्याकडे बघून मलाच घेरी येते.”

“आई, कोणती होती ते कळलं पाहिजे.”

“कळून काय करणार? तिच्या घरी भांडायला जाणार?”

तरी दुसऱ्या दिवसापासून सासूच खुर्ची ओढून जाळीपाशी बसायला लागली. म्हातारीची नजर लांबचं अजून स्वच्छ बघायची. टकटकने जुन्या रीडिंगच्या वहीची कोरी पानं काढली. आकड्यांच्या जागी ती वेळ लिहायची, आणि काय दिसलं ते.

खिडकीच्या चौकटीला कोपऱ्यात मातीचा बोटभर गोळा होता. एक काळी, दोऱ्याएवढ्या कमरेची माशी चिखलाची गोळी तोंडात धरून यायची, लिंपायची, जायची.

“ही कुंभारीण,” सासू म्हणाली. “हिची भीती नाही. खोली बांधते, एक अळी आणून आत कोंडते, तिच्याजवळ अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते. पोरं कशी निघाली ते बघायलाही येत नाही. भांडायला तिला घरच नाही.”

कपडे वाळत घालायच्या लाकडी खांबात एक गोल भोक होतं, नाणं बसेल एवढं, आणि खाली रोज पिवळा भुसा पडायचा. तिथे काळाकुट्ट भुंगा घोंघावायचा, तोंडासमोर येऊन हवेत थांबायचा, जणू ओळखपत्र मागतोय.

“नुसता आवाज,” सासू म्हणाली. “तुझे सासरे असेच होते.”

गांधीलमाशी तिला आता लांबूनही कळू लागली. तांबूस, लांबोडकी, उडताना मागचे पाय लोंबकळत सोडणारी. ती लाकडाच्या खांबावर बसून खरवडायची. कान देऊन ऐकलं तर खरखर ऐकू यायची. ते लाकूड चावून चावून कागदासारखं करायचं आणि त्याचं पोळं, देठावर उलट्या टांगलेल्या छत्रीसारखं. मधमाशी मात्र बुटकी, केसाळ, मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या. ती फुलावरून फुलावर जायची, खिडकीकडे ढुंकून बघायची नाही. अकरा वर्षं ही सगळी मंडळी तिच्या वाटेत होती आणि तिने त्यांना एकच नाव दिलं होतं: माश्या.

आठ दिवसांत बारा पानं भरली. पण मान फिरवून मागचं दिसत नाही, तसंच त्या सकाळचं होतं. पानांमधून काही बाहेर येईना.

“त्या गृहस्थांनाच विचारून येते,” ती एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली.

“मी गेलो होतो त्या टोकाच्या घरी,” तो म्हणाला. “तू दवाखान्यात असताना. आभार मानावे म्हणून. आत दिवा चालू होता, माणूस हलताना दिसला. तीनदा दार वाजवलं, उघडलं नाही. विचित्र म्हातारा आहे. घड्याळं दुरुस्त करतो म्हणे. तू मुळीच जायचं नाहीस तिकडे.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती निघाली. नवऱ्याचा लांब रेनकोट गळ्यापर्यंत बंद, डोक्याला फिका रुमाल, नळी खिशात, वर लख्ख ऊन. गल्लीतल्या एका बाईने आभाळाकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता वाळत घातलेले कपडे काढायला लागली.

गल्लीच्या टोकाच्या त्या घरासमोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीच्या सावलीत ती उभी राहिली. रेनकोटच्या आत घामाच्या धारा. नजर पेटीवर. थोड्या वेळाने एक तांबूस माशी आली, पाय लोंबकळत, आणि तार जायच्या भोकातून पेटीत शिरली. मग दुसरी. पहिली बाहेर आली. टकटकला हायसं वाटायला हवं होतं. गांधीलमाशी. कागदावर लिहिलं होतं तेच. पण आतून काही सैल होईना. मधल्या सहा-सात आठवड्यांत पेटी कुणी उघडली नसेल तर हे पोळं नंतरचंही असू शकतं. पोळं केवढं आहे ते बघायला हवं. चार खोल्यांचं, म्हणजे नवं, की चाळीस खोल्यांचं, जुनं?

तिने रस्ता ओलांडला, पेन्सिल उलटी धरली आणि हात उचलला.

“टकटक करू नका,” खिडकी उघडून कुणीतरी म्हणालं.

खिडकीत म्हातारा होता, कपाळावर भिंग चढवलेलं. हात पुढे केलेला, वाहतूक थांबवतात तसा.

“आत गांधीलमाश्या आहेत, काका. न वाजवता कशी उघडू?”

“त्यांचं सोडा. भिंत...” तो थांबला. 

ती जागच्या जागी उभी राहिली. हात खाली घेतला. “भिंतीचं काय?”

घड्याळजी वर बघत होता. तिने त्याच्या नजरेचा माग काढला. पेटीच्या वर वीतभर अंतरावर, पावसाच्या पाण्याच्या नळाआड, दोन फळ्यांमध्ये फट होती. फटीच्या कडा चोळून चोळून गुळगुळीत आणि काळपट झाल्या होत्या. त्या फटीतून बुटक्या, केसाळ माश्या एकीमागून एक निघत होत्या आणि सरळ वर, छपरापलीकडे जात होत्या. परत येणाऱ्या काहींच्या पायांना पिवळ्या गोळ्या होत्या. दोन-चार फटीच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हुंगत होत्या. पहारा.

ती एक पाऊल मागे सरकली, मग आणखी दोन. खिशातली नळी मुठीत आली होती.

“मागच्या दाराने या,” तो म्हणाला. “तिकडे नसतात.”

खोली लहान होती. एका लांब बाकावर काचेच्या झाकणांखाली उघडी घड्याळं, चिमटे ओळीने लावलेले. त्याने तिला स्टूल दिलं, ती बसली नाही.

“या वर्षीच आल्या,” घड्याळजी म्हणाला. “थवा आला, दोन दिवस छपराखाली लटकला आणि फळीआड गेला. मला आता घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, ताई. बोलणं ऐकू येतं, बारीक आवाज गेले. दुरुस्त केलेलं घड्याळ चाललं की नाही ते मी भिंगातून बघतो. पण ही भिंत...” त्याने तळहात फळीवर टेकवला. “हिची भणभण हाताला लागते. मी रोज सकाळी हात लावून बघतो. कुणाला सांगितलं असतं तर फवारणीवाले आले असते.”

“त्या दिवशी काय झालं?”

“बाकावरच्या घड्याळांच्या चकत्या हलल्या. तुम्ही पेटीवर वाजवलंत. पेटी फळीला ठोकलेली आहे. गांधीलमाशीला तुमचं वाजवणं म्हणजे निरोप, पण यांना ते घरावर घाव घातल्यासारखं. एकदम सगळी भिंत आतून भणभणली, एक-दोघी बाहेर आल्या असतील. मी बाहेर आलो तोवर तुम्ही पायरीवर होतात. मानेत नांगी होती, पिशवीसकट. अजून धडधडत होती. मी हातातल्या चिमट्याने धरली आणि उपटली.” त्याने ओळीतला एक चिमटा उचलला, बघितला, परत ठेवला. “नंतर कुणीतरी म्हणालं की नांगी चिमटीत धरायची नसते, नखाने खरवडून काढायची. धरली की पिशवीतलं उरलेलं विष आत जातं. म्हणजे ते मीच...”

“आणि दवाखान्यात गांधीलमाशी सांगितलंत.”

“हो.”

“का?”

“मधमाशी म्हणालो असतो तर कुठून आली विचारलं असतं.”

टकटक बाकापासून दारापर्यंत गेली, परत आली. तिचा आवाज चढला नाही, पण तो तिचा तिलाच ओळखू येईना. “काका, डॉक्टर मला तीन वर्षं सुया टोचणार होत्या. गांधीलमाशीच्या. तुमच्या शब्दावर. मी तीन वर्षांनी निर्धास्त होऊन अशाच एखाद्या भिंतीपाशी उभी राहिले असते.”

“मी दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो होतो,” घड्याळजी म्हणाला. “तुमचे यजमान आले तेव्हाही मी दाराच्या आतच उभा होतो.”

“त्याचं मी काय करू?” ती म्हणाली, आणि मागच्या दाराने निघून गेली.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कागदावरची गांधीलमाशी एका रेघेने खोडली. “पुढच्या सोमवारी सुरू करू. आणि त्या गृहस्थांना सांगा, चिमट्याने काढली की नखाने, त्याने फारसा फरक पडत नाही. किती लवकर काढली त्याने पडतो. पिशवी आपणहून विष ढकलत असते. त्यांनी लगेच काढली म्हणून कमी गेलं. उचलून आणलं म्हणून तुम्ही आहात.”

हे ऐकून तिला आणखीच राग आला. सरळ रागावता येईल असा तो माणूसही राहिला नव्हता.

घरी नवरा तर पेटलाच. “फोन कर तुझ्या ऑफिसात. उद्या फवारा. विषय संपला.”

ते खरं तर तिचं कामच होतं. वहीत शेऱ्याचा रकाना असतो. ‘पेटीजवळ पोळं, धोका’ एवढं लिहिलं की दुसऱ्या दिवशी माणसं जातात. लिहायला तिला दहा सेकंद लागले असते. तीन दिवस ती वही उघडत-मिटत राहिली. तक्रार-खिडकीत माणसं बिलाचं काही सांगत असायची आणि तिला फळीवर टेकवलेला तळहात दिसायचा. मग पायरी दिसायची, वर येणारी. एकीकडे लिहून टाकावंसं वाटे, दुसरीकडे पेन्सिल पुढे सरकेना.

“काय ठरवलंस?” सासूने विचारलं.

“काहीच ठरत नाही.”

“मग त्याला ठरवायला लाव. खोटं तो बोललाय, तू कशाला पोळून निघतेस?”

चौथ्या दिवशी ती गेली. समोरच्या बाजूलाच उभी राहिली आणि हात हलवला. घड्याळजी मागच्या बाजूने वळसा घालून रस्त्यावर आला.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “आठ दिवसांत तुम्ही काय ते करा. नवव्या दिवशी मी शेरा लिहिणार.”

तो मान हलवून उभा राहिला.

“आणि डॉक्टर म्हणाल्या, चिमट्याने काही बिघडलं नाही. उलट लवकर काढलीत ते बरं झालं.”

त्याने भिंग कपाळावरून काढलं, पुसलं, पुन्हा चढवलं. मग पुन्हा काढलं. “असं म्हणाल्या?” त्याने विचारलं. “त्यांनीच? की तुम्ही...”

“मी कशाला खोटं बोलू,” ती म्हणाली, आणि दोघंही क्षणभर दुसरीकडे बघायला लागले.

सहाव्या दिवशी त्याने मधपाळाला बोलावलं. टकटक त्या वेळी समोरच्या घराच्या बंद काचेमागे उभी होती. राहवलं नाही म्हणून अर्धी सुट्टी टाकून आली होती. मधपाळाने धूर दिला, भिंतीच्या फळ्या एकेक करून उकलल्या. आत मेणाचे सात पडदे लोंबत होते, हातभर लांब. त्याने ते सुरीने कापून चौकटींना दोऱ्याने बांधले, चौकटी लाकडी पेटीत लावल्या. मग माश्यांच्या झुबक्यात ओंजळ घालून एक लांबट माशी, राणी, शोधली आणि तिला पेटीत सोडलं. त्यानंतर गंमतच झाली. बाकीच्या ज्या रागाने उठल्या होत्या, त्या रांगेने आपल्या पायांनी पेटीत चालत गेल्या. काचेमागे टकटकची नजर निघत नव्हती. इतका वेळ एका जागी ती गेल्या दोन महिन्यांत उभी राहिली नव्हती.

मधपाळ पेटी घेऊन गेला. फळ्या परत ठोकल्या गेल्या. पण रानात गेलेल्या काही माश्या संध्याकाळी परतल्या आणि घर सापडेना म्हणून दिवसचे दिवस त्या जागी भिरभिरत राहिल्या. मेणाचा वास लाकडात मुरलेला होता. मधपाळ सांगून गेला की त्या वासाने वर्षा-दोन वर्षांत दुसरा थवाही येऊ शकेल, तेव्हा फट पक्की बुजवा. घड्याळजीने बुजवली. नंतर काही दिवस तो सवयीने फळीला हात लावायचा आणि काढून घ्यायचा, असं त्यानेच तिला सांगितलं.

पहिलं इंजेक्शन दंडात घेतल्यावर तिला तासभर बाकावर बसवून ठेवलं. विष आत होतं, मधमाशीचंच, कणभर. ती दर पाच मिनिटांनी उठायची, नर्स बसवायची. जीभ हलवून बघायची, तळहात बघायची. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. चौथ्या आठवड्यात दंड सुजला आणि उतरला.

पाचव्या महिन्यात तिने साहेबांकडे जाऊन खुर्ची परत केली. डॉक्टरबाईंची चिठ्ठी सोबत होती, नळी खिशात होती. नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या पिशवीला नळीसाठी वेगळा कप्पा शिवून आणला.

गल्लीच्या टोकाचं घर तिच्याच वाट्याला आलं. अजून एखाद-दुसरी माशी त्या भिंतीशी घुटमळत असायची, आणि कोर्स पुरा व्हायला बराच अवकाश होता. म्हणून ती समोरच्या बाजूला उभी राहायची. घड्याळजी पेटी उघडायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा वाचायचा. शेवटचा लाल आकडाही.

“लाल नको, काका. तो बिलात धरत नाही.”

“पण तो सारखा फिरतोय,” घड्याळजी म्हणायचा, आणि तोही वाचून दाखवायचा.